अंकी, अक्षरी

मिरजेत, रेल्वे फाटकापलीकडे,
डॉक्टर शेडबाळकरांच्या दवाखान्याच्या गच्चीवर
पत्र्याच्या खोलीत अकरा डबे आहेत.
अकरा इंडिगो.
उन्हात धरले तर निळे,
एरवी भिजल्या तव्यासारखे काळे, हनुवटीखाली विटकरी.
विष नाही. पण दुसऱ्या सापाला खातात,
म्हणून एकेकाला वेगळा डबा, वेगळं कुलूप,
आणि चाव्या माझ्या करगोट्याला.

प्रत्येकाची फाइल आहे.
आई कोण, बाप कोण, आजा कुठल्या देशात अंडं फोडून निघाला,
वनखात्याची पावती, वजन ग्रॅममध्ये.
चार नंबरच्या मादीचा पणजा
फोटोतून माझ्याकडे बघतो,
जीभ बाहेर.

माझ्या आज्याचा फोटो नाही.

काजलचा नर्सिंगला नंबर लागलाय.
पडताळणीवाले म्हणतात, एकसष्ट सालाआधीचा कागद आणा.
आजा शाळेच्या दारात रोज असायचा,
कुठल्या ना कुठल्या गावी,
पण शाळा सुटल्यावर. तेव्हाच पोरं जमतात.
मेव्हणा म्हणतो, चाळीस हजारांत जुना दाखला होतो,
शाईसुद्धा जुनी मिळते.

दक्षता पथकाचे साहेब घरी आले.
चहा घेतला. विचारलं, तुमच्यात साप कसा धरतात?
मी सांगितलं, ॲल्युमिनियमचा हूक असतो,
डब्यातली ओल सत्तरच्या खाली जाऊ द्यायची नाही,
खाऊन दोन दिवस झाल्याशिवाय हात लावायचा नाही.
साहेबांचं पेन थांबलं.
तसं नव्हे हो. परंपरेनं.
परंपरेनं धरला तर तुम्हीच आत टाकता,
हे मी बोललो नाही.
बायको बोलली.

पौषातली गोष्ट.
चार नंबरला नऊ नंबर लावायचा होता,
नऊ फ्लोरिडाचा, सात पिढ्या निखळ.
रात्री लाइट गेली.
मोबाइलच्या उजेडात, घामानं पुसट झालेल्या पट्टीवर
मी १ ला ९ वाचलं.
एक टेक्ससकडचा. कागदानं हलका.
मी खोक्यावर बसून होतो, हूक मांडीवर,
कोण कुणाला गिळेल म्हणून.
कुणी कुणाला गिळलं नाही.
अडीच तास ती दोघं दोराला पीळ बसावा तशी,
आणि खाली कुणाच्या तरी सलाइनचा स्टँड फरशीवरून घासत गेला.

वैशाखात आठ अंडी.
मिठाचे खडे चिकटल्यासारखी खरखरीत.
श्रावणात आठही फुटली.
पिल्लं हातभर, पहिल्या मिनिटापासून रागीट.
डॉक्टरांनी पेढे वाटले, फाइलवर लिहिलं: बाप, ९.
मी पेढा खाल्ला.

आता हैदराबादचा एक जण घेणार आहे.
खात्री मागतो.
डॉक्टर म्हणाले, कातींची तपासणी महिनाभर चालेल,
तोवर जोडणीच्या वेळी जो हजर होता
त्याची सही लागते. तूच होतास.
टेबलावर फॉर्म, वर त्यांचं जड पेन.

१ चा ९ करायला काय लागतं?
एक आकडी.
उलटं करायला मात्र ब्लेड लागतं,
मेव्हण्याला विचारा.

फॉर्मवर दोन रकाने होते, अंकी आणि अक्षरी.
अंकी लिहिलं १.
अक्षरी लिहिलं, एक.
डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, घातला,
पुन्हा काढला.
कधी कळलं तुला?
म्हटलं, लाइट आली तेव्हा.
ते काही बोलले नाहीत. बराच वेळ.
मग खालच्या ओळीवर बोट ठेवलं:
हे पण भर. साक्षीदार. पूर्ण नाव,
बापाचं, आजाचं.

भरलं.
उमराव हिरा सायबू गारुडी.

सायबू लिहिताना हात थोडा थांबला,
ऱ्हस्व की दीर्घ ते ठाऊक नव्हतं,
कधी कुठं लिहिलेलं पाहिलं नव्हतं.
डॉक्टरांनी शिक्का मारला,
माझ्यासाठी एक झेरॉक्स काढायला लावली.

तारीख मात्र यंदाची.